तिसऱ्या रांगेतली कडेची

पौष निम्मा सरला की आमच्याकडची सकाळ धुक्यातच उजाडते. भात कधीच घरात आलेलं असतं. खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल फुललेला असतो, पांढरा, मधूनच फिका जांभळा. मी खोपोलीच्या एका शाळेत मराठी शिकवते. स्कूटीवरून जाताना पाताळगंगेवर धुकं बसलेलं दिसतं. बसलेलं, असंच म्हणायला हवं. एखादी म्हैस रवंथ करत बसावी तसं ते नदीवर निवांत बसून असतं, कुणासाठी उठत नाही. घाटातल्या ट्रकांचे आवाज येतात, ट्रक दिसत नाहीत. डोंगरावरून उतरणारे वीजघराचे पाइप अर्ध्यातच विरघळतात. आणि त्या पांढऱ्यात कुठूनतरी ढोलाचा ठोका ऐकू येतो. कुठल्याशा शाळेच्या मैदानात सव्वीस जानेवारीची तयारी चाललेली असते. पोरं दिसत नाहीत, नुसते पाय ऐकू येतात.

मग मी स्कूटी बाजूला घेते. शाळेला उशीर होतो तो होतो. मी तिथे उभी असते आणि त्याच वेळी दिल्लीतही असते, त्या हिवाळ्यात, नानांच्या शेजारी, गार पडलेल्या खुर्चीवर.

नाना म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, आयुष्यभर भात लावलेले. तरुणपणी शेतीची कामं उरकली की ते खोपोलीच्या कारखान्यात हंगामी कामाला जात. फाटकासमोर चहाची टपरी होती आणि टपरीत रेडिओ होता. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी त्या रेडिओवर दिल्लीच्या संचलनाचं धावतं वर्णन लागे. नाना सुट्टी असूनही चालत खोपोलीला जात, तेवढ्यासाठी. पुढे घरात टीव्ही आला, पण टीव्हीवरच्या परेडने त्यांचं कधी समाधान झालं नाही. "रेडूवर मोठी व्हती," ते म्हणायचे. "ह्या डब्यात लई बारकी दिसतीय."

त्यांच्या मनातल्या परेडमध्ये हत्ती होते. शूर मुलांना हत्तीवर बसवून आणतात, हे त्यांनी कधीकाळी ऐकलं होतं. आम्ही किती सांगितलं, आता हत्ती नसतात म्हणून. ते मान डोलवायचे आणि हत्ती तसेच ठेवायचे.

त्या वर्षी माझी मुलगी सायली कर्जतच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि छात्रसेनेत होती. पावसाळ्यापासून तिची शिबिरं सुरू झाली. एका शिबिरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी काही मुली गळत आणि ही उरे. घरी आली की अंगणात टाचा आपटत चालायची. कोंबड्या पळायच्या. नाना ओटीवर बसून बघायचे आणि मध्येच म्हणायचे, "हात, हात वर जाऊ दे गं. गुडघ्यात नको वाकू." त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी सांगितलेलं ती ऐकायची.

डिसेंबरच्या अखेरीस तिचा दिल्लीहून फोन आला. आवाज बसलेला, मागे शिट्ट्या. "मम्मी, घेतलं मला! मुलींच्या तुकडीत. तिसऱ्या रांगेत, उजव्या कडेची. तुम्ही त्या बाजूला बसलात ना, तर अगदी समोरून जाईन बघा मी."

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. नानांनी मात्र नेमकं तेवढंच धरलं. तिसरी रांग, उजवी कड. दूध काढताना, विडी पेटवताना, अंघोळीचं पाणी तापताना ते स्वतःशी पुटपुटत राहिले, जसं एखादं माणूस दूरच्या पाहुण्याचा पत्ता घोकतं.

बसायची तिकिटं फोनवरून काढायची होती. सायलीच्या पप्पांनी कारखान्यातल्या दोन मित्रांना कामाला लावलं, स्वतः फोन घेऊन बसले, आणि शेवटी दोनच तिकिटं हाती लागली. जायचं होतं तिघांना.

"तू आणि नाना जा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी टीव्हीवर बघीन. टीव्हीवर जवळून दिसतं."

नाना ओटीवरून ओरडले, "मी म्हातारा मानूस, मला तितली थंडी सोसायची नाय. बाप हायेस तू तिचा. तू जा रं."

"नाना, तुम्ही आयुष्यभर कानांनी परेड बघितलीत," हे म्हणाले. "आता एकदा डोळ्यांनी बघा."

एवढं बोलून ते म्हशीला वैरण टाकायला परसात गेले. वैरण तर संध्याकाळीच टाकून झाली होती. मी खिडकीतून बघितलं, ते नुसते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

पनवेलहून गाडी पकडली तेव्हा नानांच्या अंगात मुलाचं कारखान्याचं जाकीट होतं, डोक्यावर टोपी, टोपीवरून मफलर आणि हातात काठी. प्रवासातलं मला सलग काही आठवत नाही. गाडीच्या झोपेत जशी स्वप्नं तुटक पडतात तसं ते आठवतं. खिडकीला चिकटलेलं नानांचं नाक. बाहेर न संपणारी हिरवी सपाटी. "ह्यो गहू?" "हो, गहू." बऱ्याच वेळाने, "आन् ह्यांचं भात कुठं हाय?" मग पिवळीधमक मोहरी सुरू झाली, इतकी पिवळी की डब्यातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर तिचा उजेड पडला. नाना म्हणाले, "हळदीला बसल्यावानी दिसतात सगळी."

पुढे धुकं आलं. आपल्या पाताळगंगेवरचं धुकं घरचं असतं, ऊन वर आलं की जातं. हे तसलं नव्हतं. ह्याला काठच नव्हता. गाडी थांबली, की चालत होती, तेही कळेना. नानांनी मला हळूच विचारलं, "मंगल, आपून पोचू ना गं?"

"पोचू नाना. अजून वेळ आहे."

"नाय, पोरगी चालून जायाची आन् आपून हितंच ढगात बसायचो."

आम्ही पोचलो. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरलो. सायलीचा फोन लागत नव्हता, पण शिबिरात त्यांचे फोन जमा करून घेतात हे माहीत होतं. लॉजवाल्याने नानांना जाडजूड रजई दिली. नाना त्या रजईत अगदीच बारके दिसत होते. नानांना एवढ्या लांब आणलंय, ते फक्त एका मुलीला समोरून जाताना बघायला. किती वेळ दिसेल ती? एक श्वास? दोन?

संचलनाच्या सकाळी आम्ही अंधारातच निघालो. रस्त्यावर माणसंच माणसं, सगळी एकाच बाजूला चाललेली, आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ. तपासणीच्या फाटकाशी पोलिसाने नानांची तंबाखूची चंची काढून घेतली. मला वाटलं, आता नाना रुसणार. नानांनी चंचीकडे एकदा बघितलं, पोलिसाकडे बघितलं आणि त्याच्याच हातावर थोपटून म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाबा. आज नाय खात." त्याला मराठी कळलं नाही, पण त्याने नानांना दंडाला धरून पायऱ्या चढवून दिल्या.

आमच्या खुर्च्या बऱ्याच मागे होत्या. समोर तो रुंद रस्ता, ओला, रिकामा, आणि पलीकडे धुक्यात माणसांची दुसरी भिंत. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. शेजारी एक सरदारजींचं कुटुंब होतं, पलीकडे बिहारहून आलेल्या दोघी बहिणी. कुणाचा मुलगा बँडमध्ये होता, कुणी नुसतेच आलेले. "हमारी बेटी है परेड में," असं मी म्हटलं आणि ते सगळ्या रांगेत पसरलं. बहिणींपैकी एकीने आपल्या शालीचं टोक नानांच्या गुडघ्यांवर टाकलं.

तोफांचे आवाज छातीत वाजले. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा नाना उभे राहिले ते काठीशिवाय. मग ऊन आलं. धुकं वर उचललं गेलं, पडदा नव्हे, एखादी ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून झटकावी तसं, आणि रस्ता झळकायला लागला. त्यानंतरचं सगळं रंगांचं आणि आवाजांचं. घोडे आले. तुरे आले. नटवलेले उंट आले, नाकं वर करून, सगळ्यांवर रागावल्यासारखे.

"हत्ती मागनं येतीन," नाना म्हणाले.

आणि मग मुली आल्या. कुणीतरी माझा दंड दाबला. पावलांचा आवाज आधी आला, मुली नंतर. खूप मुली आणि एकच मुलगी. एकच हात, एकच मान, एकच हनुवटी. मी माझी मुलगी शोधत होते आणि तिथे कुणाची मुलगीच नव्हती, नुसती एक लाट होती. मला घाबरल्यासारखं झालं. जिला मी नऊ महिने पोटात वागवलं ती मला ओळखू येईना.

"त्ये बग!" नाना ओरडले. "तिसरी रांग, कडंची! आली, आली माजी बाय!"

मी बघितलं आणि मला दिसली. देवाशपथ दिसली. तीच मान, तोच किंचित उजवीकडे झुकलेला खांदा. नाना खुर्चीवर चढायला निघाले, सरदारजींनी त्यांना कमरेला धरलं. आमची सगळी रांग टाळ्या वाजवत होती, सायलीसाठी. नानांचे टाळ्या वाजवणारे हात मला अजून आठवतात, चिखलाने आणि वयाने काळे पडलेले, त्या उन्हात वर गेलेले. ती आमच्या समोरून गेली. मान वळलेली होती, डोळे सरळ आमच्या पलीकडे. मग दुसरी तुकडी आली. नाना खाली बसले आणि मफलरने तोंड पुसत राहिले. त्यानंतर हत्तींची त्यांनी चौकशी केली नाही.

फोनला रेंज आली ती गर्दीतून बाहेर पडल्यावर. पलीकडून सायलीच्या पप्पांचा आवाज, त्यामागे फटाके.

"दिसली! सगळ्या गावाने बघितली! भीमाकाकीने तर टीव्हीला ओवाळलं. तुम्हाला दिसली ना?"

"दिसली," मी म्हटलं. "नानांनी ओळखली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींना घरच्यांना भेटायची मुभा होती. शिबिराच्या फाटकापाशी कडुनिंबाची झाडं होती आणि झाडांखाली आमच्यासारखे आईबाप, पिशव्या घेऊन. ऊन कोवळं. सायली येताना दिसली. बारीक झालेली, गाल बसलेले. ती पळत आली नाही. जवळ आली, नानांच्या पाया पडली आणि उठलीच नाही. तिथेच, त्यांच्या पायांशी बसून राहिली.

"काय गं?" मी म्हटलं.

"मम्मी, मी नव्हते."

"कुठे नव्हतीस?"

"परेडमध्ये. मी नव्हते." ती जमिनीकडे बघून बोलत होती. "मला ताप आला होता. थंडीचा. चार-पाच दिवस सराव चुकला. बरी झाले तोवर माझी जागा दुसरीला दिली होती. मला राखीवमध्ये ठेवलं. ते कळलं तेव्हा तुमची गाडी निघाली होती. मॅडमनी फोन करू दिला असता, पण मला करवेना. नाना गाडीत असतील, खिडकीपाशी बसले असतील, असं वाटलं."

आजूबाजूला माणसं हसत होती, फोटो काढत होती. मला काय वाटलं ते आज इतक्या वर्षांनीही नीट सांगता येत नाही. दुःख झालं, पण त्याच्या आधी एक विचित्र पोकळी आली. मग काल मी कुणाचा खांदा ओळखला? आईच्या डोळ्यांना सगळं कळतं म्हणतात. माझ्या डोळ्यांनी मला हवं ते दाखवलं होतं.

नाना हळूच तिच्याशेजारी खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "मंग तिसऱ्या रांगेत कडंला कोन व्हती?"

"रिनी. मिझोरामची आहे. माझी जागा तिलाच मिळाली."

"तिचं कोन आलंय का?"

"नाही. तिचं घर फार लांब आहे, डोंगरात. कुणीच नाही आलं तिचं."

"बोलाव तिला."

सायलीने मान वर केली. "कशाला नाना?"

"टाळ्या वाजवल्यात मी तिला. तोंड तं बघू दे."

सायली हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मला दिसत होतं, आणि मला मध्ये पडून म्हणावंसं वाटत होतं, राहू द्या नाना, आजच्या दिवस राहू द्या. तिची जागा गेली, तिचं सगळं वर्ष गेलं, आणि ज्या मुलीने ते घेतलं तिलाच आणायला तुम्ही सायलीला पाठवताय. नाना नुसते थांबले होते, नांगर धरून बैल हलायची वाट बघावी तसे.

ती उठली, फाटकाच्या आत गेली. खूप वेळ आली नाही. मला वाटलं, ती आता येणारच नाही. मग दोघी आल्या. रिनी गोल चेहऱ्याची, गालांवर थंडीने लाली. सायलीसारखी कुठूनच नाही. दोघी उंचीला सारख्या, तेवढं सोडलं तर काही नाही. ती भांबावली होती. आपल्याला का बोलावलंय ते तिला कळत नव्हतं, आणि सायलीच्या घरच्यांसमोर उभं राहायची तिला भीती वाटत असावी. तिने हात जोडले.

नाना उठून उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बेस चाललीस हां पोरी. लई बेस."

तिला कळलं नाही. तिने सायलीकडे बघितलं. नानांनीही सायलीकडे बघितलं.

"सांग की तिला," नाना म्हणाले.

सायलीने ओठ मिटले होते. ते उघडायला तिला किती जोर लागला ते मी बघितलं. मग ती हिंदीत म्हणाली, "दादाजी कह रहे हैं, तू बहुत अच्छा चली." आणि थोडं थांबून, नानांनी न सांगितलेलं पुढचं वाक्य तिने जोडलं, "सच में अच्छा चली, रिनी."

रिनीने तोंडावर हात धरला. मग ती एकदम सायलीच्या गळ्यात पडली आणि दोघी रडायला लागल्या, लहान मुली रडतात तशा, मोठ्याने. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "मंगल, लाडू काढ." मी पिशवीतून तिळाचे लाडू काढले. चौघं झाडाखाली बसलो. रिनीला एका लाडवात काय काय असतं ते सगळं समजून घ्यायचं होतं. तिने माझ्या फोनवरून घरी व्हिडिओ कॉल लावून आईला आमचे चेहरे दाखवले. पलीकडे एक बाई, मागे लाकडी भिंत, आणि तिच्या बोलण्यातला एकही शब्द न कळता मी तिला "हो, हो" म्हणत होते.

संध्याकाळी लॉजवरून मी यांना फोन केला. सगळं सांगितलं.

मग म्हणाले, "जेवली का ती?"

सायली घरी आली तेव्हा गावाच्या तोंडाशी तिच्या फोटोचा बॅनर लागलेला होता. शिळफाट्याला छापून आणलेला, फोटोमागे तिरंगा आणि विमानं. मारुतीच्या देवळापुढे सत्कार ठरला होता. खुर्च्या मागवल्या होत्या. आम्ही गावात अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. "मम्मी, आता काही सांगू नका," ती मला म्हणाली. "चार दिवसांनी सगळे विसरतील. त्यांनी फटाके लावलेत माझ्यासाठी." मी यांच्याकडे बघितलं, ह्यांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "तिचं ती बघंल."

देवळापुढे संध्याकाळी सगळं गाव जमलं. सरपंच बोलले, शाळेचे गुरुजी बोलले. सायलीला शाल आणि नारळ दिला. तिच्या हातात माइक आला. "सगळ्यांचे आभार," ती म्हणाली आणि थांबली. पहिल्या रांगेत भीमाकाकी बसली होती, टीव्हीला ओवाळणारी, कौतुकाने तोंड उघडं टाकून. सायली तिच्याकडे बघत राहिली.

"मी परेडला चालले नाही," ती म्हणाली. "मी राखीव होते. आजारी पडले म्हणून माझी जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तुम्ही टीव्हीवर बघितली ती मी नव्हते."

मागे कुणीतरी खोकलं. सरपंच बॅनरकडे बघायला लागले. माझ्या शेजारी हे उभे होते. त्यांनी माझं मनगट पकडलं होतं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या.

भीमाकाकी म्हणाली, "अगो, मंग आमी बगितली ती कोन?"

"रिनी. मिझोरामची."

"तिची मान्सं गेलती का बगायला?"

"नाय काकी," सायली गावाच्या बोलीवर आली. "लई लांब हाय तिचं घर."

काकीने विचार केला. "मंग तिला नारळ कोनी दिला?"

काकी उठली, सरपंचांच्या पुढ्यात त्यांना मानाचा म्हणून दिलेला नारळ होता, तो उचलला. सरपंच "अगं काकी" म्हणेपर्यंत माइक बाजूला आणि नारळ सायलीच्या दुसऱ्या हातात होता. "ह्यो तिचा," काकी म्हणाली. "तिला कळव, गावानं दिलाय." लोक हसायला लागले, मग टाळ्या सुरू झाल्या, आणि सायली दोन हातांत दोन नारळ घेऊन उभी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी नाना पुढे झाले आणि त्यांनी आपल्या मफलरने तिचं तोंड पुसलं.

रिनीचा नारळ मिझोरामला जाणं काही शक्य नव्हतं. काकीनेच तो फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. सायलीने त्याचा फोटो पाठवला. रिनी आता तिकडे शाळेत शिकवते. सायली मोहोपाड्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, सकाळी कंपनीच्या बसने जाते. दर जानेवारीत दोघींचा फोन होतो आणि त्यात एकदा नानांच्या हातात फोन द्यावा लागतो. नाना मराठीत बोलतात, ती तिच्या हिंदीत. काय बोलतात कुणास ठाऊक. बराच वेळ बोलतात.

त्या दिल्लीतल्या सकाळी सायली कुठे होती, हे मात्र मी तिला लगेच विचारलं नव्हतं. धीर झाला नाही. सत्कारानंतर काही दिवसांनी बांधावर आम्ही पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर ओवा-मीठ, मडकं पालथं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. दिवस बुडत होता. ओव्याचा आणि धुराचा वास खाचरावर जमिनीलगत पसरला होता. नाना जाळात काटक्या सारत होते, हे मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून शिजल्याचा अंदाज घेत होते. आम्ही दोघी पेंढ्यावर बसलो होतो आणि मी विचारलं.

"तिथेच होतो," ती म्हणाली. "तुकड्या जिथून निघतात त्याच्या मागे, झाडांत. कुणाला चक्कर आली, काही झालं, तर लागलीच उभं राहायचं म्हणून. आम्हीही पूर्ण पोशाखात. तुमच्याकडे ऊन आलं असेल, तिथे झाडांत धुकं अजून इतकं होतं की आमची तुकडी निघाली आणि लगेच दिसेनाशी झाली. नुसता बँड ऐकू येत होता."

"मग?"

"मग काही नाही. आम्ही राखीवमधल्या मुली उभ्या होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एकीचा पाय आपोआप उचलला. मग माझा. मग सगळ्यांचे. जागच्या जागी, कदमताल. कुणी सांगितलं नव्हतं. रांग धरलेली, हात बरोबर, नजर समोर. समोर नुसतं पांढरं. बँड लांब गेला, थांबला, तरी आमचे पाय चालूच."

"किती वेळ गं?"

ती जाळाकडे बघत हसली.

"माहीत नाही मम्मी. 'थम' असा हुकूम द्यायला कुणी नव्हतंच ना तिथे."